बॉनहॉफरच्या हातात पिस्तूल कुणी दिलं?

पेट किंवा नेटची तयारी करताना तुम्ही प्राथमिक साधनं आणि दुय्यम साधनं यांच्या व्याख्या पाठ केल्या असणार. मीही केल्या होत्या. दिवसभर रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये उभं राहणाऱ्या मुलीला त्यांचा काय उपयोग, असं तेव्हा वाटायचं. उपयोग कळला तो एका सहीमुळे आणि नंतर एका चित्रपटामुळे. आज लिहायचंय ते चित्रपटाबद्दल, पण सुरुवात सहीपासून करावी लागेल.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे एक तक्रार-अर्ज फिरत होता. एका ज्युनियर मुलीच्या कामावर दुसऱ्याचंच नाव लागलं होतं आणि ते खरं होतं, मी स्वतः पाहिलं होतं. अर्जासोबत ग्रुपवर एक इंग्रजी वाक्य फिरत होतं. वाईटासमोर गप्प बसणं हेही वाईटच, अशा अर्थाचं. खाली नाव डीट्रिश बॉनहॉफर. मी दोन दिवस झोपले नव्हते. संध्याकाळी देवळात जाऊन आले, मन शांत झालं, 'देव बघून घेईल' म्हटलं आणि सही केली. अर्ज वर गेला. आणि जिच्यासाठी आम्ही हे सगळं केलं, तिच्या प्रगती अहवालावर सही करायला कुणी तयार होईना. सहा महिने तिची फेलोशिप अडकली. अर्ज देण्याआधी तिला कुणी नीट विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

पुढे कधीतरी ते वाक्य मूळ पुस्तकात शोधायला गेले, तर ते तिथे नाहीच! बॉनहॉफरचे अभ्यासकही हेच सांगतात. त्याच्या उपलब्ध लिखाणात ते वाक्य सापडत नाही. म्हणजे मी ज्याच्या भरवशावर सही केली, तो माणूस तसं बोललेलाच नव्हता. मग तो खरंच काय म्हणाला होता, हे वाचत गेले. म्हणून हा चित्रपट बघताना मला गप्प बसवेना.

चित्रपटाचं नाव 'बॉनहॉफर: पास्टर. स्पाय. असॅसिन.' दिग्दर्शक टॉड कोमार्निकी, साल 2024. नाझी राजवटीला विरोध करणाऱ्या जर्मन पाद्र्याची ही गोष्ट. बॉनहॉफर 1906 साली जन्मला, वडील मोठे मानसोपचारतज्ज्ञ, वयाच्या एकविसाव्या वर्षी बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट. (आपण त्या वयात एमएस्सीच्या प्रवेशाचे फॉर्म भरत असतो, जाऊ दे.) योनास डासलरने काम चांगलं केलंय, न्यूयॉर्कच्या हार्लेममधला भागही जिवंत आहे. पण पोस्टरवर पाद्र्याच्या हातात पिस्तूल आहे आणि नावात 'मारेकरी' हा शब्द. माझा आक्षेप तिथून सुरू होतो, पण तिथेच थांबत नाही.

आधी साधा प्रश्न घेऊ, जो तुमचा गाईड तुम्हाला पहिल्या दिवशी विचारेल: पुरावा काय? बॉनहॉफरचे मेव्हणे हान्स फॉन दोहनान्यी लष्करी गुप्तहेर खात्यात होते आणि कटाच्या मध्यभागी होते. त्यांनी त्याला त्या खात्यात घेतलं. खात्याच्या नावाखाली तो परदेशी जायचा आणि तिथल्या चर्चच्या लोकांपर्यंत कटवाल्यांचे निरोप पोचवायचा. मे 1942 च्या अखेरीस स्वीडनमध्ये इंग्लंडचे बिशप जॉर्ज बेल यांना भेटून त्याने कटातल्या प्रमुख लोकांची नावं सांगितली, ब्रिटिश सरकारपर्यंत जावीत म्हणून. चौदा जणांना, बहुतेक ज्यू, खात्याचे हस्तक असल्याचं दाखवून स्वित्झर्लंडला पोचवण्याच्या कामाशीही त्याचा संबंध होता. याच कामातल्या पैशांच्या व्यवहारांवरून तपास सुरू झाला आणि 5 एप्रिल 1943 ला त्याला अटक झाली. हिटलरच्या मुख्यालयात बॉम्ब फुटला 20 जुलै 1944 ला. तेव्हा हा माणूस सव्वा वर्ष तुरुंगात होता. 9 एप्रिल 1945 ला फ्लॉसेनब्युर्गच्या छळछावणीत त्याला फाशी दिली.

यात पिस्तूल कुठे आहे? कट माहीत असणं, कटाला मान्यता असणं, कटाचे निरोप नेणं आणि स्वतः मारायला निघणं, या चार वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या तीन गोष्टींना आधार आहे. चौथी पोस्टरवाल्यांनी भरली. तुमच्या थीसिसमध्ये तीन बिंदू असताना तुम्ही रेघ पुढे ओढत नेलीत तर परीक्षक काय म्हणेल, ते मी सांगायला नको.

पण बारकाव्यातली ही चूक मी एकवेळ सोडून देईन. चित्रपट आहे, तो वाढवून सांगणारच. खरी अडचण एका संवादात आहे. कटाबद्दल बोलताना प्रश्न येतो, आपण हे केलं तर देव आपल्याला क्षमा करेल का? उत्तर येतं ते उलट प्रश्नाच्या रूपात: आणि नाही केलं तर करेल का? ऐकायला झकास. ट्रेलरसाठी तर नामीच. पण नीट बघा, पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालंच नाही. अवघड प्रश्नावर दुसरा अवघड प्रश्न ठेवला आणि दोन्ही एकमेकांना कापून गेले असं भासवलं. प्रेक्षक सुटला. मी देवळातून बाहेर पडताना जशी सुटले होते, अगदी तशीच.

बॉनहॉफरने स्वतःला असं सोडवलेलं नाही. त्याचा चरित्रकार आणि जवळचा मित्र एबरहार्ड बेथगे एक आठवण सांगतो. एका संध्याकाळी दोहनान्यींनी त्याला विचारलं, तलवार उपसणारा तलवारीनेच मरेल असं जे येशू म्हणतो, त्याचं काय? बॉनहॉफर म्हणाला, ते वचन आपल्यालाही लागू आहे, आणि ते मान्य करून पुढे येणारी माणसं हवी आहेत. ही बेथगेची आठवण आहे, त्या संध्याकाळची नोंदवही नव्हे. पण बॉनहॉफरने 1940 ते 1943 मध्ये लिहिलेल्या आणि अपुऱ्या राहिलेल्या 'एथिक्स'च्या हस्तलिखितांशी ती जुळते. बेथगेने ती 1949 मध्ये छापली. त्यात तो दोष पत्करण्याबद्दल लिहितो. माझ्या शब्दांत सांगायचं तर असं: काही वेळा शेजाऱ्यासाठी जबाबदारी घेणारा माणूस दोषी होतोच. तो दोष तत्त्व सांगून पुसता येत नाही. तो देवासमोर ठेवायचा, आणि तो माफ होईल की नाही हे आपण ठरवायचं नाही.

म्हणजे इथे देवावरचा भरवसा हा 'मी बरोबर आहे' याची पावती नाही. पावती न मिळता केलेल्या कृतीनंतर जे उरतं, ते आहे. चित्रपटात ही गोष्ट नेमकी उलटी होते. तिथे श्रद्धा आली की शंका जाते.

दुसऱ्या टोकाचीही गंमत आहे. 2013 मध्ये मार्क थिसेन नेशन आणि दोन सहलेखकांनी एक पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं, हत्येच्या प्रयत्नांशी बॉनहॉफरला जोडणारा पुरावाच नाही, तो अखेरपर्यंत अहिंसावादी होता. या बाजूलाही दम आहे. 1934 मध्ये डेन्मार्कच्या फानो बेटावर त्याने शांततेवर केलेलं भाषण गाजलं होतं. त्याच वर्षी त्याने गांधीजींना पत्र लिहून त्यांच्याकडे येऊन राहण्याची इच्छा कळवली. 1 नोव्हेंबरला गांधीजींचं उत्तर गेलं, अगदी व्यवहारी: परतीचं भाडं आणि महिना शंभरेक रुपये खर्चाची सोय असेल तर कधीही या. त्या काळात गांधीजींचा मुक्काम बराचसा वर्ध्यात असे. बॉनहॉफर आला असता तर कदाचित विदर्भाच्या उन्हात बसून त्याने सत्याग्रह शिकला असता. तो आला नाही, जर्मनीत पाद्री घडवण्याचं काम समोर आलं म्हणून.

नेशन यांची पुराव्याची शिस्त मला आवडते. पण त्यांचा बॉनहॉफरही मला जरा जास्तच धुतलेला वाटतो. ज्यांना बॉम्ब ठेवायचा होता त्यांचे निरोप नेणारा माणूस हातावर काहीच लागलं नाही असं म्हणू शकत नाही, आणि तो तसं म्हणतही नव्हता. एका बाजूला हत्या पवित्र करायची आहे, दुसऱ्या बाजूला माणूस निर्दोष ठेवायचा आहे. मधला दोष कुणालाच नको.

आणि तो काही जन्मजात धीट नव्हता. एप्रिल 1933 मध्ये त्याच्या जुळ्या बहिणीचे सासरे वारले. ते ज्यू होते. अंत्यविधीला प्रवचन देशील का, असं त्याला विचारलं गेलं. त्याने वरिष्ठांचा सल्ला घेतला आणि नकार दिला. काही महिन्यांनी त्याने त्या मेव्हण्याला पत्रात लिहिलं की आपण इतके कसे घाबरलो, हे आपल्यालाच कळत नाही. त्याच वर्षी चर्चने पीडितांना नुसती मलमपट्टी न करता चाकच अडवावं लागेल, असं लिहिणारा माणूसही हाच. त्या निबंधात ज्यूंबद्दलचे जुने धार्मिक पूर्वग्रहही आहेत. ज्यांना थोर माणसांवर संशोधन करायचंय त्यांनी ही दोन कागदपत्रं शेजारी-शेजारी ठेवून वाचावीत.

आणखी एक नमुना. फाशीआधी त्याने गुडघे टेकून प्रार्थना केली आणि काही क्षणांत शांतपणे प्राण सोडले, हे वर्णन सगळीकडे आढळतं. ते आलं छावणीतल्या डॉक्टरकडून, युद्ध संपल्यानंतर. तो एसएसचा माणूस होता. आपल्या देखत माणसं हाल होऊन मेली नाहीत, असं सांगण्यात त्याचा स्वतःचा फायदा होता. पुढे या वर्णनावर शंका घेतल्या गेल्या. ते आपल्याला हवंहवंसं वाटतं, हेच ते तपासायचं कारण.

मला सगळ्यात धरून ठेवतं ते 21 जुलै 1944 चं पत्र. आदल्या दिवशी कट फसलाय. आता आपलं काय होणार, याची कल्पना त्याला असणारच. त्या दिवशी तो बेथगेला लिहितो की स्वतःला संत किंवा आणखी कुणी बनवण्याचा नाद सोडून, या जगातल्या कामांत, अपयशांत, गोंधळात पूर्ण उतरूनच माणूस देवावर विश्वास ठेवायला शिकतो. आपण चुकलो की बरोबर होतो, याचा निकाल त्यात नाही. चित्रपटाला हे पत्र पेललं नसतं. त्यात पडद्यावर दाखवण्यासारखं काही घडतच नाही.

ती ज्युनियर आता मार्गाला लागलीय. मी तिची माफी मागितली. तिने 'ताई, असू दे' म्हटलं. मग थोड्या वेळाने म्हणाली, आधी विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं की नाही, मलाच माहीत नाही. अर्ज खोटा नव्हता, हे मी आजही म्हणते. पण त्या सहा महिन्यांचा हिशेब मला त्या वाक्यावर किंवा देवावर ढकलता येत नाही.

चित्रपट बघणार असाल तर जरूर बघा, दोन तास वाया जाणार नाहीत. फक्त आधी तुरुंगातल्या पत्रांच्या पुस्तकातला 1942 च्या नाताळात लिहिलेला, दहा वर्षांचा हिशेब मांडणारा निबंध वाचा. फार मोठा नाही, लायब्ररीत बसून एका दुपारी होतो. सद्सद्विवेकाने वागणारा, कर्तव्यनिष्ठ, तत्त्वासाठी जळणारा अशी एकेक चांगली माणसं त्या काळात कुठे आणि का कमी पडली, ते त्याने त्यात तपासलंय. त्याची एक प्रत आई-वडिलांच्या घराच्या छपरात लपवून ठेवलेली होती. वाचताना समासात पेन्सिलीने खुणा करा, आणि मग पोस्टर परत एकदा बघा.