एकही बार न काढलेली बंदूक

बंदुकांचे शौकीन एक गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगतात : "हिच्यातून अजून एकही गोळी सुटलेली नाही!" कोरी बंदूक म्हणजे संग्रहाचा दागिनाच. आपल्या अल ऐनच्या जाहिली किल्ल्यातले 'मुबारक बिन लंडन' हे छायाचित्रांचे प्रदर्शन पाहताना मात्र हा अभिमान पोकळ वाटतो.

ब्रिटिश प्रवासी विल्फ्रेड थेसिगरने १९४६ ते १९४८ या काळात 'रब अल खाली' हे वाळवंट दोनदा ओलांडले. त्याच्या छायाचित्रांत बिन कबीना, बिन घबैशा हे बेदू सोबती बंदुका बाळगून दिसतात. तिथे बार एकही निघत नाही. तरी टोळ्यांच्या वैराच्या त्या दिवसांत बंदूक जवळ का हवी, हे चेहऱ्यांवरून कळते. प्रदर्शनाचे बळ ते हेच. उणीव एवढीच, की नजर सगळी थेसिगरची. बंदूकवाल्यांचे मन आपणच ताडायचे.

आपल्याकडे दसऱ्याला घरातले जुने शस्त्र पुसून पुजतात, तेव्हा आजोबा त्याची हकीकत सांगतात. ती हकीकत गेली, की उरते नुसते लोखंड. मंडळी, मुलांना किल्ल्यात जरूर न्या. बंदूक दाखवा, पण आधी माणूस दाखवा!