मेनूकार्डाचा ताळेबंद

हॉटेलची परीक्षा लोक चवीवरून करतात, मी मेनूकार्डाच्या जाडीवरून करतो. आमच्या कर्वेनगरात हल्ली पंजाबी, चायनीज, मद्रासी आणि मेक्सिकन मंडळी एकाच भटारखान्यात गुण्यागोविंदाने नांदतात. विश्वबंधुत्व म्हणून ठीक आहे हो, पण पदार्थांची नावे दोनशे आणि ग्रेव्ह्या तीन! व्हेज कोल्हापुरीचा कोल्हापूरशी संबंध तिखटापुरता, आणि मंचुरियन तर जन्माने मुंबईकर. बिलावरचा पाच टक्के जीएसटी तेवढा अस्सल: अडीच केंद्राचा, अडीच राज्याचा.

उलट नारायण पेठेतली बेडेकरांची मिसळ घ्या. तिच्याबरोबर पाव नाही, स्लाइस येतो, आणि गिऱ्हाईक निमूट खाते. डेक्कनचे गुडलक १९३५ सालचे. कार्डावर पुष्कळ काही असले तरी पावले वळतात ती बनमस्का-चहासाठी. कारण तोच पदार्थ कुणीतरी रोज मन लावून करीत आलेले असते. घरच्या चुलीला सुट्टी देऊन आपण बाहेर पडतो ते याचसाठी ना?

भागीदार वाढले की वाट्याला येणारा नफा घटतो, हे कॉमर्सला पहिल्याच वर्षी शिकवतात. चवीचा हिशेब काही वेगळा नाही.