साष्टींतील ख्रिस्ती घरांचें पुराणवाचन

बोरीवलीनजीकच्या मंडपेश्वरास जाणाऱ्या अभ्यासकास दगडाचा इतिहास सहज वाचतां येतो. मूळचें शैव लेणें, सोळाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्सिस्कन पाद्र्यांनीं त्यांत केलेलें प्रार्थनामंदिर, वरच्या अंगास उभे असलेले पडके अवशेष, हें सर्व डोळ्यांसमोर आहे. परंतु भोंवतालच्या गांवांतील ख्रिस्ती कुणबी सायंकाळीं घरीं कोणतें शास्त्र वाची व कशी प्रार्थना करी, हें दगड सांगत नाहीं. त्यामुळें ‘हे लोक नांवाचेच ख्रिस्ती, बायबल त्यांस ठाऊकच नव्हतें’ असा निकाल देऊन मोकळें होण्याचा प्रघात पडला आहे. तो आम्हांस मान्य नाहीं.

या निकालास उत्तर म्हणून फादर स्टीफन्स यांचें ‘क्रिस्तपुराण’ पुढें केलें जातें. येथें नांवाचा घोटाळा आहे. स्टीफन्स यांची साष्टी ती गोमंतकांतील. त्यांचा ग्रंथ 1616 सालीं तेथेंच रायतूर येथें छापला गेला. बोरीवली ज्या साष्टींत आहे ती ठाण्याची. एकीच्या ग्रंथावरून दुसरीच्या घरांतील भक्तीचें अनुमान काढणें सशास्त्र नव्हे. ठाण्याकडील साष्टीस अधिक जवळचा ग्रंथ दुसराच आहे: फ्रान्सिस्कु वाझ द गिमारांइश यांचें, ख्रिस्ताच्या यातना व मृत्यु यांवरील 1659 चें पुराण. तें रोमन लिपींत आहे, तरी भाषा मराठी, आणि ओढा उत्तर कोंकणच्या बोलीकडे. एकोणिसाव्या शतकांत मुंबईस तें पुन्हा छापलें गेलें, यावरून त्यास वाचक होते हें उघड आहे.

काव्य या दृष्टीनें तें स्टीफन्स यांच्या ग्रंथाची बरोबरी करूं शकत नाहीं. ‘क्रिस्तपुराणां’त श्रोता मधूनच शंका काढतो, आणि पाद्री तिचें निरसन करतो, जुनीं पुराणें सोडविलींत, तर आमच्या भाषेंत दुसरें कां देत नाहीं, असा प्रश्न तेथें आरंभींच एक ब्राह्मण विचारतो. हा प्रश्न आम्हांस सर्व वादाचें मूळ वाटतो. त्या नवख्रिस्त्यास एकांतांत उघडण्याचें पुस्तक नको होतें, दहाजणांत बसून ऐकण्याचें हवें होतें. एकानें वाचावें, इतरांनीं ऐकावें, पाठ असलेली प्रार्थना सर्वांनीं म्हणावी, ही रीत त्याच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या होती. प्रत्येकानें आपलें बायबल आपण वाचावें ही अपेक्षा मराठी मुलुखांत प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांबरोबर आली. अमेरिकन मिशनचा मराठी नवा करार मुंबईस 1826 सालीं निघाला. त्या मापानें सतराव्या शतकांतील कॅथलिक घर मोजणें म्हणजे शेराच्या मापानें कापड मोजणें होय.

तथापि उलट बाजूनेंही अतिशयोक्ति नको. पुराण म्हणजे बायबल नव्हे. कवीनें काय गाळलें, काय वाढविलें, हें ताडून पाहण्याचें साधन श्रोत्याजवळ नव्हतें, आणि तें त्याच्या हातीं पडावें अशी उत्कंठा धर्मगुरूंनीं दाखविली असेंही दिसत नाहीं. हा दोष लहान नव्हे.

खरी परीक्षा मराठी अमलांतील, म्हणजे 1737 ते 1774 या काळाची आहे. पोर्तुगीज सत्ता गेली, देवळें ओस पडलीं, तरी साष्टींतील ख्रिस्ती वस्ती नाहींशी झाली नाहीं. तिचेच वंशज 1887 मध्यें ईस्ट इंडियन म्हणवूं लागले. पाद्री दूर असतां घरांत काय म्हटलें जाई, हें दप्तरांत सांपडणें कठीण. बोरीवली, गोराई, उत्तन येथील गांवठाणांत या पुराणाची जुनी प्रत, हस्तलिखित वा छापील, कोणापाशीं असल्यास तिच्या समासांतील खुणा आधीं उतरून घ्याव्या. ग्रंथाच्या गुणदोषांची चर्चा मागाहून करतां येईल.