अबिंदुकता आणि अश्रूंचे भिंग

अबिंदुकतेवर उपाय वृत्तचिती भिंगाचा चष्मा, असे आपण वर्गात सांगून मोकळे होतो. आमचा आक्षेप येथेच आहे. हे भिंग परस्परांना लंब अशा दोन दिशांतील वक्रतेचा फरक भरून काढते. पण चष्मा घालवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः मॉस्कोच्या फ्योदोरोव यांनी १९७०च्या दशकात रूढ केलेल्या अरीय छेदांनंतर, काहींचे पारपटल वेडेवाकडे होते. तेथे चष्मा थिटा पडतो. मऊ स्पर्शभिंग तर पारपटलाचाच आकार घेते. म्हणून नजर कायमची गेली असे मानणे चूक. कठीण, वायुपारगम्य भिंग ताठ राहते आणि त्याखालचे उंचसखल अश्रू भरून काढतात. अश्रूंचा अपवर्तनांक १.३३६, पारपटलाचा १.३७६, त्यामुळे पुढच्या पृष्ठभागाचा सुमारे ९० टक्के दोष लोपतो. (थॉमस यंगने १८०१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात डोळ्यापुढे पाणी धरून पारपटलाचा परिणाम असाच घालवला होता.) रात्री भिंग काढले की दोष परततो, हेही सांगावे.