लीन उत्पादनपद्धती आणि ‘५ एस’ यांचे ऑनलाइन प्रशिक्षण : एक चिकित्सा

प्रास्ताविक

उद्योगव्यवस्थापनाच्या क्षेत्रात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्या संकल्पना जगभर रूढ झाल्या, त्यांमध्ये ‘लीन’ उत्पादनपद्धती आणि कार्यस्थळाच्या सुव्यवस्थेसाठी सांगितली जाणारी ‘५ एस’ ही पंचसूत्री यांना महत्त्वाचे स्थान आहे. एकेकाळी कारखान्याच्या आवारात, अनुभवी माणसाच्या हाताखाली शिकला जाणारा हा विषय आज काही तासांच्या ध्वनिचित्रफिती, बहुपर्यायी प्रश्नांची चाचणी आणि अखेरीस मिळणारे प्रमाणपत्र अशा स्वरूपात संगणकाच्या पडद्यावर उपलब्ध झाला आहे. वाणिज्य, व्यवस्थापन आणि अभियांत्रिकी या शाखांचे विद्यार्थी नोकरीच्या अर्जाला जोड म्हणून असे अभ्यासक्रम पूर्ण करतात. महाविद्यालयीन अध्यापकाच्या दृष्टीने येथे एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. या प्रमाणपत्राने नेमके काय प्रमाणित होते? या प्रश्नाच्या अनुषंगाने ऑनलाइन प्रशिक्षणाच्या आशयाची, पद्धतीची आणि मर्यादांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संकल्पनेची पार्श्वभूमी

या विचाराची मुळे जपानमधील टोयोटा उद्योगसमूहात आहेत. साकिची टोयोडा यांनी १९२४ मध्ये पूर्णत्वास नेलेल्या स्वयंचलित मागात धागा तुटताच माग आपोआप थांबण्याची सोय होती. दोष दिसताच काम थांबवावे, सदोष माल पुढे जाऊ देऊ नये, हे तत्त्व तेथून मोटारनिर्मितीत आले. दुसऱ्या महायुद्धानंतर ताइइची ओनो यांनी या तत्त्वाला ‘हवे ते, हवे तेव्हा, हवे तितकेच’ या सूत्राची जोड देऊन उत्पादनपद्धती विकसित केली. त्यांचा ग्रंथ १९७८ मध्ये जपानी भाषेत व १९८८ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी जॉन क्राफचिक यांनी आपल्या लेखात या पद्धतीसाठी ‘लीन’ हा शब्द योजला आणि १९९० मध्ये वोमॅक, जोन्स व रूस यांच्या ‘द मशीन दॅट चेंज्ड द वर्ल्ड’ या ग्रंथाने तो सर्वदूर पोहोचवला.

हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. ‘लीन’ हे नाव बाहेरून पाहणाऱ्या अभ्यासकांनी दिले. ते नाव मिळण्यापूर्वी काही दशके प्रत्यक्ष कृती घडत होती. ऑनलाइन अभ्यासक्रमात हा क्रम उलटतो. प्रथम नाव येते, मग व्याख्या, मग सात प्रकारच्या अपव्ययांची यादी. कृतीचा प्रसंग येण्यापूर्वीच अभ्यासक्रम संपलेला असतो.

भाषांतरात हरवलेले ‘वळण’

‘५ एस’मधील मूळ जपानी शब्द सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु आणि शित्सुके असे आहेत. इंग्रजीत त्यांना सॉर्ट, सेट इन ऑर्डर, शाइन, स्टँडर्डाइझ आणि सस्टेन असे प्रतिशब्द मिळाले. पाचही शब्दांची सुरुवात ‘स’ने व्हावी ही सोय त्यामागे उघड दिसते. ऑनलाइन प्रशिक्षण याच इंग्रजी शब्दांवर उभे असते आणि त्याचे मराठी रूपांतरही बहुधा जपानीवरून न होता इंग्रजीवरूनच होते. या प्रवासात अर्थ बदलतो. सेइकेत्सु म्हणजे स्वच्छता, निर्मळपणा. त्याचे ‘प्रमाणीकरण’ झाले. सर्वांत मोठा बदल मात्र शेवटच्या शब्दात झाला.

शित्सुके या शब्दाचा जपानी घरातील अर्थ मुलांना चांगल्या वागणुकीची सवय लावणे असा आहे. शिवणकामात पक्की शिलाई घालण्यापूर्वी कापड जागेवर राहावे म्हणून जो कच्चा टाका घालतात, त्यालाही जपानीत हाच शब्द आहे. मराठीत यासाठी ‘वळण’ हा अत्यंत समर्पक शब्द आहे. वळण ‘टिकवून ठेवा’ अशा सूचनेने लागत नाही. ते लावणारा माणूस जवळ असावा लागतो, त्याचे स्वतःचे वागणे तसे असावे लागते आणि त्यासाठी काळ जावा लागतो. ‘सस्टेन’ या शब्दाने हे सर्व गाळून केवळ परिणाम शिल्लक ठेवला. पडद्यावरील प्रशिक्षणात हा पाचवा ‘एस’ सर्वांत थोडक्यात आटोपला जातो, याचे कारण त्याचे चित्र दाखवता येत नाही. पसारा असलेल्या टेबलाचे ‘आधी’चे आणि नीटनेटक्या टेबलाचे ‘नंतर’चे छायाचित्र दाखवता येते. दोहोंच्या दरम्यान लागलेले वळण दाखवता येत नाही.

तथापि ‘वळण’ या शब्दाची दुसरी बाजूही दुर्लक्षून चालणार नाही. वळण मुलांना लावले जाते. वीस वर्षे यंत्रावर काम केलेल्या प्रौढ कामगाराला वळण लावण्याची भाषा जेव्हा नुकताच पदविका घेऊन आलेला तरुण बोलतो, तेव्हा शिस्तीचे रूपांतर अवमानात होण्याचा संभव असतो. मूळ शब्दातील हा ताण प्रशिक्षणात उच्चारलाही जात नाही.

शिकवण्याच्या चार पायऱ्या

लीन पद्धतीच्या जडणघडणीत एका अमेरिकन कार्यक्रमाचा वाटा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नवख्या कामगारांना लवकर तयार करण्यासाठी अमेरिकेत ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ हा उपक्रम राबवला गेला. युद्धोत्तर काळात तो जपानमध्ये गेला आणि टोयोटानेही त्याचा स्वीकार केला. त्यात काम शिकवण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिली, शिकणाऱ्याची तयारी करणे व त्याला आधीपासून काय येते हे जाणून घेणे. दुसरी, काम करून दाखवणे व महत्त्वाचे मुद्दे समजावणे. तिसरी, त्याच्याकडून ते करवून घेणे व चुका तेथल्या तेथे दुरुस्त करणे. चौथी, त्याला स्वतंत्रपणे कामावर सोडून वारंवार विचारपूस करणे.

या निकषावर पाहता प्रचलित ऑनलाइन अभ्यासक्रम प्रामुख्याने दुसरी पायरी पार पाडतो. पहिल्या पायरीला तेथे फारसा वाव नसतो, कारण ध्वनिचित्रफीत सर्वांसाठी एकच असते. तिसऱ्या पायरीच्या जागी बहुपर्यायी चाचणी येते. चौथी पायरी प्रमाणपत्रापाशीच संपते. येथे न्याय्य राहण्यासाठी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. सभागृहात दिवसभर व्याख्यान देऊन उरकलेले प्रशिक्षणही दुसऱ्याच पायरीवर थांबते. दोष केवळ माध्यमाचा नाही. एका पायरीला पूर्ण जिना समजण्याचा आहे.

या पद्धतीच्या प्रवर्तकांनी स्वतः काय केले हे पाहणे येथे उद्बोधक ठरते. ओनो अभियंत्याला कारखान्याच्या जमिनीवर खडूने आखलेल्या वर्तुळात तासन्‌तास उभे करून केवळ निरीक्षण करायला लावत, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. १९८४ मध्ये कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथे जनरल मोटर्स व टोयोटा यांचा संयुक्त कारखाना सुरू झाला, तेव्हा तेथील गटप्रमुखांना सुमारे तीन आठवडे जपानमधील कारखान्यात प्रत्यक्ष काम करण्यास पाठवले गेले. भारतात बिडदी येथे टोयोटा किर्लोस्करने २००७ मध्ये स्थापन केलेल्या तांत्रिक प्रशिक्षण संस्थेचा मूळ अभ्यासक्रम तीन वर्षांचा व निवासी आहे. ज्यांनी ही पद्धत घडवली त्यांना वर्षे लागतात आणि बाजारात ती तासांच्या हिशेबाने मिळते, या विसंगतीचा विचार व्हावयास हवा.

निर्णय कोणाचा?

‘५ एस’ची पहिली कृती म्हणजे आवश्यक व अनावश्यक वस्तू वेगळ्या करणे. अनावश्यक वाटणाऱ्या वस्तूवर लाल पट्टी लावावी, असे अभ्यासक्रमात सांगितले जाते. उदाहरणादाखल कोल्हापूर परिसरातील एखाद्या फाउंड्रीचा विचार करता येईल. कोपऱ्यात धूळ खात पडलेले लाकडी पॅटर्न नवख्याच्या नजरेला भंगार वाटतील. परंतु त्यांपैकी कोणत्या पॅटर्नची मागणी दोन वर्षांनी पुन्हा येऊ शकते, कोणता दुरुस्त करून वापरता येतो, हे तेथील जुन्या कामगाराला ठाऊक असते. लाल पट्टी कोणी लावायची हा प्रश्न त्यामुळे ज्ञानाचा तितकाच अधिकाराचाही आहे. पडद्यावरील प्रशिक्षण ‘काय करावे’ हे सांगते. ‘कोणाला विचारून करावे’ हे सांगत नाही.

हाच मुद्दा दोरी ओढून उत्पादनसाखळी थांबवण्याच्या अधिकाराला लागू पडतो. साध्या कामगाराला हा अधिकार असणे हे टोयोटा पद्धतीचे मर्मस्थान मानले जाते. फ्रीमाँटच्या कारखान्यात तो दिला गेला, तेव्हा कामगार संघटनेशी झालेल्या करारात नोकरीच्या सुरक्षिततेची हमीही होती. साखळी थांबवल्याबद्दल आपली रोजी जाणार नाही, असा विश्वास नसेल तर ती दोरी केवळ शोभेची ठरते. आज आपल्याकडील कारखान्यांत मोठ्या प्रमाणावर कंत्राटी कामगार असताना हा विश्वास कोठून यावा, याचे उत्तर अभ्यासक्रमात आढळत नाही. किंबहुना तो प्रश्नच विचारला जात नाही.

ओनो यांच्या परिभाषेत अपव्यय, विषमता आणि अतिभार असे तीन दोष सांगितले आहेत. प्रशिक्षणाचा बहुतांश वेळ अपव्ययावर खर्च होतो. अतिभार, म्हणजे माणसावर वा यंत्रावर झेपेल त्यापेक्षा अधिक ताण टाकणे, हा दोष नावापुरता येतो. पत्रकार सातोशी कामाता यांनी टोयोटात हंगामी कामगार म्हणून काम करून १९७३ मध्ये जे पुस्तक लिहिले, त्यात याच ताणाचे चित्रण आहे. बिडदी येथेही नोव्हेंबर २०२० मध्ये निलंबनाच्या कारवाईवरून संघर्ष होऊन टाळेबंदी झाली, तेव्हा संघटनेने कामाच्या वाढत्या भाराचा प्रश्न मांडला होता. अतिभार वगळून शिकवलेली लीन पद्धती म्हणजे कमी माणसांत अधिक काम, असाच अर्थ कामगाराने घेतला तर त्याला दोष देता येणार नाही.

ऑनलाइन माध्यमाचे सामर्थ्य

या मर्यादा दाखवताना माध्यमाचे सामर्थ्य नाकारण्याचे कारण नाही. तिन्ही पाळ्यांत काम करणाऱ्यास सवडीने शिकता येते. न समजलेला भाग पुन्हा पाहता येतो. तालुक्याच्या गावातील विद्यार्थ्यास महानगरातील तज्ज्ञाचे व्याख्यान ऐकता येते. उत्तम मराठी निवेदन असेल तर इंग्रजीच्या धाकामुळे गप्प बसणारा कामगारही प्रश्न विचारू लागतो. परिभाषेची ओळख आणि पूर्वतयारी यांसाठी हे माध्यम निश्चितच उपयुक्त आहे. तथापि त्यास प्रत्यक्ष मार्गदर्शनाची जोड लागते. केंद्र शासनाने मार्च २०२३ मध्ये नव्या स्वरूपात सुरू केलेल्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या लीन योजनेत प्राथमिक, मध्यम व प्रगत असे स्तर ठेवून सल्लागाराच्या मार्गदर्शनाच्या खर्चाचा ९० टक्के वाटा शासनाने उचलण्याची तरतूद केली. कारखान्यात येऊन हाताला धरून शिकवणाऱ्या माणसाची गरज धोरणकर्त्यांनीही मान्य केल्याचे यावरून दिसते.

महाविद्यालयांपुढील प्रश्न

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ च्या विनियमांनुसार ‘स्वयम्’ मंचावरील अभ्यासक्रमांतून २० टक्क्यांपर्यंत श्रेयांक मिळवण्यास मुभा दिली आणि २०२१ मध्ये ही मर्यादा ४० टक्क्यांपर्यंत नेली. ऑनलाइन शिक्षण अशा रीतीने गुणपत्रिकेचा अधिकृत भाग बनले असल्याने त्याच्या गुणवत्तेची जबाबदारी महाविद्यालयावरही येते. लीन वा ‘५ एस’विषयक अभ्यासक्रमास श्रेयांक देताना उर्वरित पायऱ्या महाविद्यालयाने स्वतः पुरवणे शक्य आहे. त्यासाठी मोठा कारखाना जवळ असण्याची आवश्यकता नाही. महाविद्यालयाची कार्यशाळा, प्रयोगशाळा, ग्रंथालय किंवा कार्यालय हेही कार्यस्थळच आहे. विद्यार्थ्याने तेथे एका जागी उभे राहून तासभर निरीक्षण करावे, प्रयोगशाळा परिचराला विचारल्याशिवाय एकाही वस्तूवर लाल पट्टी लावू नये, सुचवलेला बदल अमलात आणावा आणि दोन महिन्यांनी तो टिकला की नाही याचा अहवाल द्यावा. टिकला नसेल तर का टिकला नाही, याचे प्रामाणिक विवेचन हेच मूल्यमापनाचे मुख्य साधन ठरावे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येते की, लीन उत्पादनपद्धती आणि ‘५ एस’ यांचे ऑनलाइन प्रशिक्षण परिभाषा देते. परंतु या पद्धतीचे प्राणतत्त्व असलेले स्थान, सहवास आणि अधिकार यांना त्यात जागा मिळत नाही. जे प्रमाणपत्र केवळ व्याख्या ठाऊक असल्याची साक्ष देते, त्याच्या बळावर उद्या एखादा तरुण दुसऱ्याच्या कामाची जागा, हत्यारे आणि हालचाली ठरवणार आहे. त्या जागेवर आयुष्य घालवलेल्या माणसाला आधी विचारण्याची सवय त्याला लागली नसेल, तर आवार स्वच्छ होईल, पण तेथील शहाणपण भंगारात जाईल. ही सवय लावण्याचे काम पडद्यावर सोपवता येत नाही. ते अध्यापकाचे आहे.