शिवेवरचा वाघ

मराठीतील शिल्पविचार बहुधा पाषाण आणि धातू यांपाशीच थांबतो. उघड्यावरच्या काष्ठशिल्पाची दखल तो क्वचितच घेतो. पालघर जिल्ह्यातील डहाणू-जव्हार भागात वारली लोक ज्या वाघदेवाला पुजतात, त्याच्या लाकडी फळ्या या उपेक्षेचे ठळक उदाहरण होत. उभ्या फळीवर मोजक्या रेषांत कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य, अंगाला शेंदूर, एवढीच ती सामग्री. शरीररचनेच्या कसोटीला हा वाघ उतरणार नाही. परंतु ती कसोटीच येथे अप्रस्तुत आहे.

योग्य कसोटी कोणती, हे दुसऱ्या एका मूर्तीशी तुलना केल्यास उमगते. बोरगाव-निपाणीकडे बेंदराला मातीचे बैल घरात पुजतात. बैल हा सोबती, म्हणून त्याचे रूप उंबऱ्याच्या आत येते. वाघाशी मात्र सलोखा राखावयाचा असतो, म्हणून त्याचे रूप शिवेवर, रानाच्या तोंडाशी राहते. वाघबारशीला त्याच्यापुढे नैवेद्य ठेवून गुराढोरांचे रक्षण मागितले जाते. स्थान हाच त्या शिल्पाचा अर्धा आशय होय.

संग्रहालयात ठेवलेल्या फळीचे लाकूड टिकते, अभ्यासकाची सोयही होते. पण भय आणि भरवसा यांचा तिच्यातील तोल हरपतो. उन्हापावसात झिजणे हा तिचा दोष नव्हे, तो तिच्या कार्याचाच भाग आहे. तेव्हा केवळ लाकूड जपून भागणार नाही. ते कोरणारा हात आणि त्याची गरज भासणारी शीव, ही दोन्ही जपली पाहिजेत.