मागच्या सीटवरचं सौंदर्य

चाकणला तयार होणाऱ्या महिंद्राच्या 'बीई ६'वरून आमच्या निगडीच्या कट्ट्यावर दोन तट पडले आहेत. तरुण म्हणतात, 'काय जबरदस्त दिसते!' टेल्कोतून निवृत्त झालेले स्नेही म्हणतात, 'खेळणं आहे.' आम्ही म्हणतो, दोघंही गाडीबाहेर उभे राहून बोलताहेत.

कांटने १७९० साली सौंदर्याचे दोन प्रकार सांगितले. फुलाचं सौंदर्य प्रयोजन न विचारता भावतं. घोड्याचं, इमारतीचं मात्र प्रयोजनाशी बांधलेलं असतं. कुटुंबाची गाडी या दुसऱ्या प्रकारातली. पण प्रयोजन कोणाचं? चालवणाऱ्याचं, की मागे बसलेल्या आजीचं?

टेल्कोची १९९१ची सिएरा आठवा. मागे दारंच नव्हती, आजीला चढताना कसरत. पण एकदा बसली की छतापर्यंत वळलेल्या त्या काचेतून सगळा मुलूख दिसे. आता दारं आहेत. खिडकीची रेघ मात्र मागे चढत जाते आणि छप्पर खाली उतरतं. रुबाब रस्त्यावरच्याला, आतल्याला फट! काचेचं छप्पर असतं म्हणाल, पण खंडाळ्याचा घाट डोक्यावर नसतो हो, बाजूला असतो.

तरुणांच्या बाजूने एक गोष्ट आहे. उतरतं छप्पर हवेचा अडथळा कमी करतं, विजेच्या गाडीत ते मोलाचं. म्हणजे त्यालाही प्रयोजन आहेच. मग 'जबरदस्त' म्हणून थांबता कशाला? ते प्रयोजन आजीला समजावून सांगा ना.